उद्घाटनं खूप झाली, आता जरा घरी या

मुंबईत कुणाशीही आरोग्याचा विषय काढा, पाचव्या मिनिटाला गाडी केईएम, सायन, नायरवर येऊन थांबते. बेड नाही, एमआरआयची तारीख काही महिन्यांनंतरची, औषध बाहेरून आणा, केस पेपरच्या लाईनीत सकाळपासून ताटकळत उभे राहा. सगळं खरंय आणि त्यावर लिहिणारे भरपूर आहेत, त्यांनी लिहावंच. पण पेशंट हॉस्पिटलच्या गेटवर पोचला की मगच आपलं भांडण सुरू होतं. तो पेशंट स्वतःच्या घरातून निघायच्या आधी काय व्हायला हवं होतं आणि ते का झालं नाही याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं साधं आहे. या शहराची आरोग्यसेवा दारापर्यंत यायला हवी, ती येत नाही, आणि जी काही थोडीफार येते ती ज्या बायकांच्या पायांवर येते त्यांना आपण धड पगारसुद्धा देत नाही. बाकी सगळं नंतर.

नोव्हेंबर २०२२ आठवा. त्या महिन्यात मुंबईत 'आपला दवाखाना' सुरू झाला, बाळासाहेबांचं नाव, पोर्टा केबिन, सकाळी ७ ते २ आणि दुपारी ३ ते रात्री १०, वर १४७ प्रकारच्या तपासण्या फुकट. आयडिया चांगलीच होती, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, कामावरून सुटून रात्री साडेआठला बीपीची गोळी घ्यायला जाता येणं ही या शहरात छोटी गोष्ट नाही. पण अगदी त्याच दिवसांत गोवंडीत पोरं गोवरानं जात होती. ऑक्टोबरच्या शेवटी रफी नगरमध्ये दोन-तीन दिवसांत तीन लहान मुलं गेली, मग धावाधाव झाली, केंद्राचं पथक आलं, कस्तुरबामध्ये वॉर्ड भरले, एम पूर्व वॉर्डात घरोघरी सर्व्हे झाला, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, काही भागांत तर सहा महिन्यांच्या बाळांनाही. म्हणजे एका बाजूला फीत कापली जात होती आणि दुसऱ्या बाजूला ज्या आजाराची लस आपल्याकडे १९८५ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते त्या आजारानं मुलं मरत होती. टीव्हीवर दोन्ही बातम्या दिसल्या पण त्यांची सांगड कुणी घातली नाही.

गोवर हा असा आजार आहे की तो दवाखान्यांची संख्या बघत नाही, कुणाला डोस मिळालेला नाही तेवढंच बघतो. लस न घेतलेल्या घोळक्यात एक गोवराचं मूल आलं तर ते सरासरी बारा ते अठरा जणांना देतं, आणि ते मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, मधे एक पोटमाळा, खिडकी समोरच्याच्या भिंतीत उघडते, तिथे काय होणार सांगा. म्हणून तर गोवर थोपवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला लागतात. नव्वदवर भागत नाही. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला महाराष्ट्रात वर्ष ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली ७३.५ टक्के निघाली, देशाची सरासरी होती ७६.४. प्रगत प्रगत म्हणून मिरवतो आपण, आणि देशाच्याही मागे. त्यात कोविडची दोन वर्षं घाला, कुपोषण घाला, अ जीवनसत्त्वाची कमतरता घाला, म्हणजे जे मूल एरवी ताप-पुरळ सोसून उठलं असतं ते न्यूमोनिया होऊन जातं.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की अहो लोकच अडाणी आहेत, फुकट मिळतंय तर घेत नाहीत, अफवांवर विश्वास ठेवतात. हे वाक्य मी आमच्या सोसायटीत, ऑफिसात, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे ऐकलंय. अफवा असतात, नाही कोण म्हणतं. २०१८ च्या शेवटी गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली तेव्हाही व्हॉट्सअपवर काय काय फिरत होतं. पण अफवेमुळे राहिलेली मुलं किती आणि 'गुरुवारी या' मुळे राहिलेली किती याचा हिशोब कधी कुणी मांडलाय का?

हे 'गुरुवारी या' काय प्रकरण आहे ते जरा सांगतो, कारण घोडं इथेच पेंड खातं. बीसीजीची आणि गोवर-रुबेलाची लस पावडर स्वरूपात बाटलीत येते, एका बाटलीत बरेच डोस. त्यात द्रव घालून ती एकदा तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची, दुसरा पर्याय नाही. नियम असा आहे की एकच मूल आलं तरी बाटली उघडा, डोस वाया गेले तरी चालतील पण मूल परत पाठवू नका. पण वरून वेस्टेजचा रिपोर्ट मागतात ना, मग सिस्टर काय करणार, ती म्हणते ताई आज एकच बाळ आहे, गुरुवारी सेशन आहे तेव्हा आणा, चार-पाच जणी होतील. तिच्या जागी ती बरोबर. आता ही जी ताई आहे ती चार घरची धुणीभांडी करते किंवा बारा तासांच्या ड्युटीवर जाते. आज तिनं एक खाडा केलेलाच आहे. गुरुवारी दुसरा खाडा. गुरुवारी गेली तर लाईन, मग डोस, मग अर्धा तास तिथेच बसायचं बाळाला रिअॅक्शन येत नाही ना बघायला (ते बसवतात ते योग्यच आहे), पेंटाचं, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचं, इंजेक्शन असेल तर घरी आल्यावर ताप, रात्रभर बाळ किरकिर करतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी पण कामावर जाता येत नाही. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, मग दीड वर्षाचा बूस्टर. प्रत्येक वेळी हेच. नवव्या महिन्यापर्यंत तग धरणारी बाई मला तरी शूर वाटते, आणि मधेच जिनं सोडलं तिला अडाणी म्हणायची माझी टाप नाही.

मध्यमवर्गाला यातलं काहीच करावं लागत नाही. आपण खाजगी पेडियाट्रिशियनकडे शनिवारी संध्याकाळी अपॉइंटमेंट घेतो, 'पेनलेस' वाली द्या सांगतो, म्हणजे ताप कमी येतो, एकेका डोसला हजारो रुपये देतो आणि फाईलमध्ये स्टिकर चिकटवून घरी येतो. खरं तर न्यूमोकोकलची जी लस खाजगीत इतकी महाग पडते तीसुद्धा आता हेल्थ पोस्टमध्ये, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रात, फुकट आहे, रोटाव्हायरस फुकट आहे, कंपनी वेगळी असेल पण क्वालिटी वगैरे काही कमी नाही. खरा फरक आहे तो वेळेचा. एकाला सोयीच्या वेळी मिळते, दुसरीला सिस्टीमच्या सोयीच्या वेळी. 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत चालू शकतो तर लसीकरणाचं सेशन रविवारी सकाळी किंवा आठवड्यातून एकदा संध्याकाळी सहा ते नऊ का नाही होऊ शकत, हे मला कुणी पटवून द्यावं. दोन ते आठ डिग्रीत लस ठेवायची सोय आहे, चार आईसपॅक टाकलेला कॅरिअर घेऊन गल्लीतल्या बालवाडीत किंवा समाजमंदिरात बसायची पद्धत आहे, सगळं आहे. फक्त ड्युटीचा तक्ता बदलायचाय.

शिवाय मुंबईत माणसं एका जागी राहतात कुठे. बाळंतपणाला गावाला गेली, तिकडे दोन डोस झाले, परत आली तर कार्ड गावालाच राहिलं. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलली, शिवाजी नगरहून मानखुर्द, तिथून मुंब्रा. रस्त्याच्या नाहीतर नाल्याच्या कामात झोपडी गेली, माहुलला नाहीतर लल्लूभाई कंपाऊंडला खोली मिळाली, जुन्या हेल्थ पोस्टच्या रजिस्टरमधून नाव गेलं आणि नवीन हेल्थ पोस्टला ही माणसं आलीत हेच माहीत नाही. आता म्हणे यु-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर सगळं ऑनलाईन राहणार, कुठेही डोस घ्या. छानच आहे, पण ओटीपी येतो तो नवऱ्याच्या मोबाईलवर आणि नवरा सुरतला. पोर्टल हवंच, नाही असं नाही. पण पोर्टलला हे कळत नाही की चौथ्या गल्लीत नवीन भाडेकरू आलाय आणि त्यांच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे. हे कळतं ते त्या गल्लीतून रोज फिरणाऱ्या बाईला.

ती बाई म्हणजे महापालिकेची आरोग्य सेविका, कागदावर सीएचव्ही म्हणजे कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटिअर. वस्तीत 'हेल्थ पोस्टवाली ताई'. १९८० च्या दशकाच्या शेवटी वर्ल्ड बँकेच्या पैशातून मुंबईत हेल्थ पोस्ट उभी राहिली, तेव्हापासून या बायका घरोघर फिरतायत, नंतर आशा वर्करही आल्या. कोण गरोदर आहे, कुणाचा डोस राहिला, कुणाला तीन आठवडे खोकला आहे, कुणी टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या, कुठल्या ड्रमात डासांच्या अळ्या आहेत, सगळं त्यांच्या वहीत. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाला, २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातली शेवटची केस सापडली आणि २०१४ ला आपण पोलिओमुक्त झालो, त्याचं श्रेय नेते, सेलिब्रिटी, रोटरीवाले सगळ्यांनी घेतलं, घ्यावं, पण बाळाच्या करंगळीला शाई लावून दारावर खडूने खूण करत चाळीचे जिने कोण चढलं? एप्रिल २०२० ला धारावीत कोविड घुसला तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन कोण फिरलं? 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' चा सर्व्हे कुणी केला? आणि याच बायका दर काही महिन्यांनी आझाद मैदानात बसलेल्या दिसतात, किमान वेतन द्या, पीएफ द्या, बाळंतपणाची रजा द्या म्हणून. दुसऱ्याच्या बाळंतपणाची नोंद ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणाच्या रजेसाठी भांडावं लागतं. याला काय म्हणायचं?

दारात कोण येतं याला या शहरात फार महत्त्व आहे, आणि हे आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. सप्टेंबर १८९६ ला मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर इंग्रज सरकारनं काय केलं तर शिपाई घेऊन घरात घुसणं, माणसं उचलून नेणं, सामान जाळणं. परिणाम असा की लोक पेशंट लपवायला लागले, शहर सोडून पळाले, मार्च १८९८ ला तर मुंबईत दंगल झाली. आणि त्याच काळात, त्याच शहरात, हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं भायखळ्याला प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे विज्ञान हजर होतं, फक्त ते ज्या हातातून दारात येत होतं त्या हातावर लोकांचा भरोसा नव्हता. गोवंडीत २०२२ ला सुद्धा अधिकाऱ्यांचा ताफा आला तेव्हा काही घरांनी दारं लावून घेतली, मग मौलवींना, वस्तीतल्या कार्यकर्त्यांना मधे घालावं लागलं. पण तीच ताई जर वर्षभर येत असेल, तिनंच तुमच्या पहिल्या मुलाच्या वेळी रात्री रिक्षा करून दिलेली असेल, तर ती म्हणते 'अगं दे डोस, माझ्या पोरीला पण दिलाय', आणि विषय संपतो. असा भरोसा ऐन साथीत टेंडर काढून विकत मिळत नाही.

इथपर्यंत मी फक्त बाळांचं बोलतोय. पण दार काही फक्त बाळांसाठी नसतं.

आमची एक काकू लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर असते. पॅरालिसिसनंतर डावी बाजू गेली, लघवीला नळी. ती नळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. काम किती, तर नर्सचं दहा-पंधरा मिनिटांचं. पण ते करायला काय करावं लागतं बघा. आधी चाळीतली चार पोरं गोळा करायची, ती कामावर नसतील असा दिवस बघायचा, काकूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ओढणीने बांधायचं, लाकडी जिना, त्यात वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते तेव्हा ती डोळे मिटून घेते, खाली टॅक्सी, टॅक्सीवाला नळी आणि पिशवी बघून तोंड वाकडं करतो, मग हॉस्पिटलात व्हीलचेअर शोधा, केस पेपर काढा, दोन तास थांबा. एकदा तर तिथल्या डॉक्टरांनी रागावूनच विचारलं की एवढ्या कामासाठी यांना इथपर्यंत का आणलंत. बरोबर आहे हो डॉक्टर, का आणलं? कारण घरी येणारं कुणी नाही. म्हणजे आहे, खाजगी आहे, फोन केला की येतात, पण व्हिजिटचे पैसे आणि सामानाचे पैसे दर महिन्याला सगळ्यांना परवडत नाहीत, आणि चाळीतल्या पेन्शनवाल्याला तर नाहीच.

दिवसभर बघायला ब्युरोची, म्हणजे आजारी माणसाकडे बाई पुरवणाऱ्या एजन्सीची, मावशी येते, बारा तासांची ड्युटी. मुंबईत म्हाताऱ्या माणसांची सगळी देखभाल सध्या या ब्युरोंच्या जीवावर चाललीय. ट्रेनिंग म्हणाल तर नाही, कूस कधी बदलायची, बेडसोर सुरू झाला तर कसा ओळखायचा, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसं बसवायचं, हे सगळं ती एका घरात चुकत शिकते आणि दुसऱ्या घरात वापरते. ब्युरोवाला कमिशन कापून घेतो, सुट्टी नाही, खाडा झाला तर पैसे कट. आणि ही मावशी राहते कुठे, तर मानखुर्दला. तिची सून पण ब्युरोतच आहे, पहाटे दोघी निघतात, नातू शेजारणीकडे. नातवाचा नऊ महिन्यांचा डोस झाला का विचारलं तर म्हणाली, 'कोण नेणार दादा, दोघी पण ड्युटीवर.' आता सांगा, अडाणी कोण? आमच्या काकूला सांभाळायला ती आमच्या घरी येते म्हणून तिच्या घरी गुरुवारी कुणी नसतं. मुलांचं लसीकरण आणि म्हाताऱ्यांची घरातली देखभाल हे दोन वेगळे विषय आहेत असं मला पण वाटायचं, पण ते एकाच घरात येऊन भेटतात.

बरं घरी जाऊन सेवा देणं म्हणजे काही परदेशातलं फॅड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळ तपासायला लावलं, १९९९ ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. त्यातूनच पुढे देशभर आशांच्या घरभेटी आल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाऊन बाळ बघायचं. म्हणजे शोध महाराष्ट्राचा, तो पण सगळ्यात दूरच्या जिल्ह्याचा. केरळनं २००८ ला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं, तिथे पंचायतीची नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, आणि त्याचा खर्च पंचायत-नगरपालिका आपल्या बजेटमध्ये दाखवतात. आपल्याकडेही वृद्धांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात अंथरुणावरच्या पेशंटच्या घरभेटी लिहिलेल्या आहेत. लिहिलेल्या आहेत हं.

आणि मुंबईला हे जमत नाही असंही नाही, कारण मुंबईनं हे एकदा करून दाखवलंय. २०२१ ला कोविडची लस आली तेव्हा अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचं काय, हा प्रश्न हायकोर्टात गेला. केंद्र सरकार म्हणत होतं घरी जाऊन लस देणं शक्य नाही, कारणं भली मोठी, रिअॅक्शन आली तर, लस वाया गेली तर, लस थंड ठेवायची साखळी तुटली तर. कोर्टानं पिच्छा सोडला नाही, आणि जुलैच्या अखेरीला के पूर्व वॉर्डापासून, म्हणजे अंधेरी पूर्वेकडून, महापालिकेनं घरी जाऊन डोस द्यायला सुरुवात केली. नंतर बाकीच्या वॉर्डांत. लोकांनी ईमेलवर नावं दिली, टीम घरी गेली. आकाश काही कोसळलं नाही. माझा राग आहे तो यावर की ती माणसं, तो रूट, ती यादी, सगळं कोविडबरोबर गुंडाळून ठेवलं. अंथरुणावर पडलेले लोक कोणकोणत्या घरात आहेत याची यादी महापालिकेच्या हातात पहिल्यांदाच आली होती. त्या यादीवरून दर महिन्याला एक नर्स फिरली असती तर?

आता पैशाचं. पैसा कुठून आणणार हा प्रश्न मुंबईत विचारायचा म्हणजे कमाल आहे. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, आरोग्याला त्यातला साधारण दहावा हिस्सा, आणि त्यातलाही मोठा भाग मोठी हॉस्पिटलं खातात. समजा, चार हजार आरोग्य सेविका धरल्या आणि प्रत्येकीला महिन्याला पंचवीस हजार दिले, तर वर्षाचे होतात १२० कोटी. बजेटच्या हजार रुपयांतले दोन रुपयेसुद्धा नाहीत. एखाद्या पुलाचं एस्टिमेट रिवाइज करताना यापेक्षा जास्त आकडा इकडचा तिकडे होतो आणि स्थायी समितीत चहा संपायच्या आत मंजूर होतो. त्यामुळे पैसे नाहीत हे कारण मला देऊ नका, दुसरं काहीतरी सांगा.

दुसरं सांगतात ते असं, की एका बाईवर किती लादणार. हा मुद्दा खरा आहे, मी मान्य करतो. आत्ताच तिच्याकडे डझनभर रजिस्टरं आहेत, वर अॅप, वर इलेक्शनची ड्युटी. त्याच बाईला अजून बेडसोर बघ, नळी बदल सांगितलं तर ती पहिल्या आठवड्यात पळून जाईल, आणि नळी बदलणं हे तिचं काम नाहीच, ते नर्सचं. म्हणून मी म्हणतो तिच्या हातचा कागद कमी करा आणि तिच्या पाठीशी माणसं वाढवा. नागरी आरोग्य अभियानाच्या हिशोबानं शहरात एका आशाकडे हजार ते अडीच हजार माणसं, म्हणजे दोनशे ते पाचशे घरं. तेवढीच घरं द्या, पण ती घरं तिची पक्की असू देत, मधेच वॉर्ड बदलू नका. ती शोधणार, कुठे बाळ आहे, कुठे म्हातारं आहे, कुठे डोस राहिला. आणि प्रत्येक हेल्थ पोस्टला निदान दोन नर्स अशा द्या ज्यांची ड्युटीच बाहेर असेल, बॅग घेऊन फिरायची, सकाळी अंथरुणावरचे पेशंट, दुपारी गल्लीत लस. ब्युरोच्या मावश्यांना पण तिथेच महिन्यातून एकदा शिकवता येईल, ब्युरोंची नोंदणी वॉर्ड ऑफिसात करा, त्यांच्याकडून मावश्यांना पगारी सुट्टी मिळते का ते बघा. एवढं करायला नवीन बिल्डिंग लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला यात रस नाही.

टॉवरवाल्यांनीही हसू नये. सेविकेला सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो विचारा, ती झोपडपट्टी सांगणार नाही, ती सांगेल गेटवरचा वॉचमन. आयडी दाखवला तरी वर सोडत नाहीत, इंटरकॉमवरून मॅडम म्हणतात आमचा डॉक्टर आहे. मग त्याच बिल्डिंगमध्ये ड्रायव्हरच्या खोलीत राहणारं बाळ, स्वयंपाकाच्या बाईची गरोदर मुलगी, बाराव्या मजल्यावर एकटा राहणारा ब्याऐंशी वर्षांचा माणूस ज्याचा मुलगा न्यू जर्सीला आहे, यातलं कुणीच कुठल्या रजिस्टरमध्ये नाही. सोसायटीच्या कमिटीनं एक ठराव केला की आरोग्य सेविकेला अडवायचं नाही, तर फुकटात काम होईल.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. गोवर आला तेव्हा रफी नगरच्या माणसानं हेल्थ पोस्ट बंद आहे म्हणून ओरडायचं कुणापुढे, तर कुणापुढेच नाही. आता नगरसेवक आलेत, ऑफिसं थाटलीत, बॅनर लागलेत, आरोग्य शिबिरं सुरू झालीत, चष्मेवाटप जोरात आहे. त्यांच्याकडे जाल तेव्हा शिबिर नका मागू. विचारा की आपल्या प्रभागात पाच वर्षांखालची मुलं किती आणि त्यातल्या किती जणांचा गोवराचा दुसरा डोस राहिलाय. आकडा त्यांच्याकडे नसेल, मग त्यांना बरोबर घेऊन हेल्थ पोस्टमध्ये जा, रजिस्टर तिथे टेबलावरच असतं, दुपारी दोनच्या आत गेलात तर सिस्टर भेटतील.